कुणाची होती ती म्हैस? माझ्या पहिल्या डिसेक्शनची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)

आवाज नीट येतोय ना? मागं जी घरघर ऐकू येतेय, ते उसाचे ट्रॅक्टर आहेत. मी भवानीनगरला घरीच बसून रेकॉर्ड करतेय. छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळं हा आवाज आता बंद होणार नाही. तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या भागात आपण पशुवैद्यकीयच्या प्रवेशाबद्दल बोललो. नीट, फॉर्म, कॉलेजं वगैरे. त्यानंतर खूप मेसेज आले आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रवेशाबद्दल नव्हतेच. "ताई, डिसेक्शनला चक्कर येते का?" "रक्त बघवत नाही, जमेल का?" आणि एका मुलीनं लिहिलं होतं, "आमचं घर माळकरी आहे. मी जनावर कापणार हे घरी कसं सांगू?" खरं सांगते, हा भाग त्या शेवटच्या मेसेजमुळं करतेय. कारण आमचंही घर माळकरीच.

पण सुरुवात कॉलेजपासून नको. २०१५ पासून करू. मी दहावीला होते.

आमच्या गोठ्यात तेव्हा तीन संकरित गाई आणि एक म्हैस. आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात घर कशावर चालतं हे तुम्हाला सांगायला नको. उसाचं बिल वर्षातून कधीतरी येतं, रोजचा किराणा दुधावर येतो. त्यातली एक जर्सी होती, तिला आम्ही नुसतं तांबडी म्हणायचो. तांबडी व्यायली, कालवड झाली, सगळे खूश. आठ-दहा दिवसांत तिनं चारा टाकला. दूध निम्म्यावर आलं. उभी राहिली की पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी राहायची, बसताना कण्हायची, उतारावरून खाली यायला तयार नसायची. अपचन म्हणून औषधं झाली, पावडरी झाल्या. मग गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं, सूज आली. तेव्हा दुसरे एक डॉक्टर आले. त्यांनी मानेची शीर बघितली, छातीला कान लावला आणि म्हणाले, "पोटात तार असावी. हृदयापर्यंत गेलेली दिसतेय. आता उपयोग नाही."

चौथ्या दिवशी तांबडी गेली. डॉक्टर म्हणाले, पोस्टमॉर्टेम करू, म्हणजे खात्री होईल. आबा, म्हणजे माझे आजोबा, आडवे उभे राहिले. "जिती हुती तवा काय सापडलं न्हाई, आता फाडून काय सापडणार? मेल्यावर तरी तिला फाडू नगा." विषय संपला. बांधाला जेसीबीनं खड्डा घेतला, मीठ टाकलं, पुरली.

विषय संपला असं मी म्हणतेय, पण आबांचा संपला नाही. त्या हंगामात ऊसतोड जोरात होती आणि आबा रोज ओलं वाढं आणून टाकायचे. त्यांच्या डोक्यात बसलं की आपण वल्या वाढ्यावर जनावर ठेवलं म्हणून ते गेलं. तारेचं त्यांना पटलंच नाही, कारण तार कुणी बघितली नव्हती. दोन वर्षं कुणी गोठ्यात आलं की आबा सांगायचे, "माझ्या हातनं गेली ती."

हे लक्षात ठेवा. आता कॉलेजकडं जाऊ.

२०१७ ला मला प्रवेश मिळाला. आपल्याकडची सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं तुम्हाला माहीत आहेत. मुंबईचं परळचं सगळ्यात जुनं, १८८६ चं. मग नागपूर, परभणी, उदगीर, आणि आपल्याला सगळ्यात जवळचं शिरवळ, जे १९८८ मध्ये सुरू झालं. यातल्या माझ्या कॉलेजचं नाव मी घेत नाही, कारण पुढं तिथल्या काही गोष्टींबद्दल कुरकुर करणार आहे.

बारावीपर्यंत मी काहीही कापलेलं नव्हतं. आधीच्या पिढीनं बेडूक, झुरळं तरी कापली होती. पुढं यूजीसीनं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातली कापाकापी बंद करायला सांगितली, ते माझ्या मते बरोबरच झालं, त्या बेडकांचा कुणालाही फारसा उपयोग नव्हता. पण पशुवैद्यकाला मोठं जनावर आतून बघितल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे आम्ही थेट शून्यावरून म्हशीवर.

पहिले काही आठवडे नुसती हाडं असतात. खांद्याचं पातं, दंडाचं हाड, मणके. डावं की उजवं ते ओळखायचं, त्यावरचा प्रत्येक उंचवटा पाठ करायचा. पुस्तक सिसन-ग्रॉसमनचं. ते मूळचं अमेरिकेतलं, १९१० च्या आसपासचं, त्यामुळं त्यात घोडा आधी आणि गाय-बैल नंतर. आपल्याकडं मात्र राघवन यांचं बैलाच्या शरीररचनेवरचं १९६४ चं पुस्तक आहे, त्यात बैल आधी. मला विचाराल तर गावाकडून आलेल्या मुलानं राघवनपासूनच सुरू करावं. घोड्याचा पाय शिकून मग गाईचा समजून घेणं म्हणजे पुण्याला जायला सोलापूरवरून जाणं.

आणि मग तो दिवस.

हॉलचं दार उघडलं आणि आधी वास आला. सगळ्यांना वाटतं सडका वास येईल. तसा नसतो. फॉर्मलिनचा असतो, नाकात सुई टोचल्यासारखा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या शेजारच्या मुलाला वाटलं मी रडतेय. तो स्वतःही रडत होता. पण कुणी दुःखानं रडत नव्हतं.

समोर म्हैस उभी होती. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. मला वाटलेलं टेबलावर आडवी असेल, कपडा टाकलेला असेल, सिनेमात असतो तसा. मोठं जनावर तसं ठेवत नाहीत. मानेतल्या मोठ्या धमनीतून रक्त काढून त्याच वाटेनं फॉर्मलिनचं पाणी अंगभर भरतात आणि मग लोखंडी आकड्यांनी वरच्या दांडीला टांगतात, जिवंतपणी उभं असतं तसंच. म्हणजे अवयव जागच्या जागी राहतात, पोट खाली लोंबतं तसं लोंबतं. शिकायला हेच बरोबर. पण आत पाऊल टाकल्यावर समोर गोठ्यातल्यासारखी म्हैस उभी, आणि ती मान वळवून बघत नाही, कान हलवत नाही. माझे पाय तिथंच थांबले. रक्ताची भीती वाटणाऱ्यांसाठी सांगते, रक्ताचा थेंब नव्हता. मांस उकडलेल्यासारखं करडं-तपकिरी. मला त्रास झाला तो तिच्या स्थिर उभं राहण्याचा.

चक्कर आली का? मला नाही. आमच्यातला सगळ्यात उंच, जिमला जाणारा मुलगा होता, तो भिंतीला टेकत टेकत खाली बसला. आज तो घोड्यांचा उत्तम डॉक्टर आहे. तेव्हा चक्कर येण्यावरून काहीही ठरवू नका. सकाळी खाऊन जा, गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका, बास.

सरांनी पहिलं वाक्य सांगितलं ते आजही माझ्या कानात आहे. "कापू नका, सोडवा." ब्लेड फक्त कातडीला. त्याच्या खाली बोटांनी आणि चिमट्याच्या मागच्या बाजूनं पापुद्रे सोडवत जायचं. आपण उसाचं पाचट काढतो ना, तसं. घाई करून सुरी चालवली की तुमची नस कापली जाते आणि मग पुढचे दोन महिने तुमच्या गटाला ती नस दुसऱ्यांच्या म्हशीत बघायला जावं लागतं. आमच्या गटानं पहिल्याच तासाला हा पराक्रम केला.

कातडी सोडवली आणि खाली एक पातळ, चादरीसारखा स्नायू लागला. कातडीला आतून चिकटलेला. सरांनी विचारलं, याचं काम काय? शहरातली मुलं गप्प. मला एकदम कळलं. माशी बसली की म्हैस शेपटी न हलवता नुसती जागची कातडी थरथरवते, बघितलंय ना? तेच ते. धार काढताना मी हजार वेळा बघितलेलं, कपाळ तिच्या पोटाला टेकलेलं असताना गालाला जाणवलेलं. ते करणारी वस्तू ही. मी उत्तर दिलं आणि त्या क्षणापासून माझी भीती निम्मी झाली. मला वाटायचं मी गावाकडची, मला इंग्रजी येत नाही, मी मागं पडणार. इथं उलटं होतं. बाहेरून हे जनावर मला तोंडपाठ होतं, आता फक्त आतून बघायचं होतं.

दुसरं मोठं आश्चर्य खांद्याचं. आपल्याला गळ्याशी हासळीचं हाड असतं, त्यानं हात धडाला जोडलेला असतो. गाय, म्हैस, बैल, यांना ते नाही. पुढचा पाय आणि छाती यांच्यामध्ये सांधाच नाही! सगळं धड दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. आम्ही तेवढे स्नायू सोडवले आणि अख्खा पाय, खांद्याच्या पात्यासकट, अलगद बाजूला आला. मला आमच्या रस्त्यानं जाणारी टायरगाडीची बैलं आठवली. दीड-दोन टन ऊस मागं, गाडी खड्ड्यात आदळते, आणि तो हिसका झेलणारं पुढं हाड नाहीच, नुसतं मांस आहे. खाकेत पांढऱ्या दोरांसारख्या नसांचा जुडगा लागला. त्यातली एक जाडजूड नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. गाय कडक जमिनीवर एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिली की ती दबते आणि मग गाय पुढचा पाय ओढत चालते. आज पडलेली गाय बघायला गेले की मी औषधाआधी घरच्यांना सांगते, खाली जाड पाचट टाका आणि कूस बदला. हे मला त्या खाकेनं शिकवलं, पुस्तकात वाचून ते डोक्यात राहिलं नसतं.

आता कुरकुर. आमच्या हॉलमध्ये हवा खेळायची सोय जेमतेम होती आणि गॉगल घालणाऱ्याला मुलं हसायची. फॉर्मलिनमधलं फॉर्माल्डिहाइड माणसाला कॅन्सर करू शकतं असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच काढलाय. तेव्हा हसू देत. गॉगल घाला, हातमोजे घाला, दर अर्ध्या तासानं बाहेर या. प्लास्टिनेशन म्हणून एक पद्धत आहे, १९७७ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला निघालेली. त्यात अवयवातलं पाणी-चरबी काढून प्लॅस्टिक भरतात, वास नाही, वर्षानुवर्षं टिकतं. चांगली आहे, जास्त वापरावी. पण त्यात पापुद्रा सोडवता येत नाही, हे तेवढंच खरं.

त्या रात्री मेसमध्ये मी चमच्यानं जेवले. साबण कितीही लावा, हाताला वास राहतोच. आणि मग घरून फोन. आईनं दोन मिनिटं बोलून आबांकडं दिला.

"आज काय शिकिवलं?"

मी ठरवलं होतं सांगायचं नाही. हाडं शिकवली म्हणणार होते. पण आबांना खोटं बोलायची सवय नव्हती. मी म्हणाले, "म्हैस. मेलेली. आतून दाखवतात."

मला वाटलं आता बोलणी बसणार. फोनवर थोडा वेळ नुसता गोठ्यातला आवाज. मग आबांनी विचारलं, "कुणाची व्हती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या डोक्यात तो प्रश्न आलाच नव्हता. मी म्हणाले, "माहीत नाही आबा."

"असंल कुणाची तरी," आबा म्हणाले. मग, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेल्यावर मी पहिल्यांदा तिचं तोंड नीट बघितलं. आदल्या दिवशी बघितलंच नव्हतं, आम्ही सगळे खांद्याकडं होतो. कानात भोक होतं. सरकारी पिवळा बिल्ला असतो ना, बारा आकडी नंबरचा, तो काढलेला. गळ्यावर दाव्याचा वळ, केस गेलेले. एका शिंगाच्या बुडाशी निळ्या ऑइलपेंटची पुसट रेघ. म्हणजे कुणीतरी कधीतरी हौसेनं तिची शिंगं रंगवली होती. हॉलच्या मामांना विचारलं, ते म्हणाले, "बाजारातनं आली. भाकड." आपण सगळे भाकड जनावरं बाजारात नेतो. आम्हीही नेलीत. पुढं काय होतं ते विचारत नाही.

माणसांच्या मेडिकलला काही ठिकाणी पहिल्या दिवशी देहाला वंदन करून शपथ घेतात. आमच्यात तसं काही नव्हतं. असावं का? मला नक्की सांगता येत नाही. देहदान करणारा स्वतःहून देतो, म्हशीनं काही दिलेलं नसतं, तेव्हा आभार मानणं जरा खोटंच वाटतं. मी एवढंच केलं की तिच्यावर चेष्टा चालली की तिथून बाजूला जायचे.

पोट फार नंतर आलं. डावी बाजू उघडली की सगळं कोटीपोटच. शंभर लिटरच्या वर माल मावतो त्यात. पोटफुगीत डाव्या भकाळीत सुई का टोचतात ते एका नजरेत कळतं. आतला चारा बादल्यांनी काढला. मग सर म्हणाले, आत हात घालून पुढं आणि खाली जा. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना मधाच्या पोळ्यासारखी नक्षी लागली. जाळीपोट. तळाशी खडे, वाळू आणि एक गंजून काळा पडलेला बारीक खिळा. गाय-म्हैस चारा चावून बघत नाही, गुंडाळून गिळते, आणि जड वस्तू पहिल्यांदा तिथंच पडते. या म्हशीनं तो खिळा कोण जाणे किती वर्षं बाळगला होता, काही न होता. म्हणजे लोखंड गिळलं की जनावर मरतंच असं नाही.

सर म्हणाले, आता हात तिथंच ठेव आणि दुसरा हात छातीच्या बाजूनं आण. मध्ये जाळीपोटाची भिंत, मग पडदा, मग हृदयाची पिशवी. माझ्या दोन हातांमध्ये अंतर होतं दोन बोटं, फार तर तीन. जाळीपोट मिनिटाला एकदा तरी आवळतं. तार आडवी पडली तर काही नाही. टोक पुढच्या बाजूला असलं, तर प्रत्येक आवळीसरशी पुढं. आणि गाभण गाईत वासराचा दाब, विताना कळा.

मी हात बाहेर काढला नाही. सर म्हणाले, झालं का? मी म्हणाले, एक मिनिट. कोपरं बाहेर काढून उभी राहणं, उतार नको म्हणणं, पोळीतलं पाणी, सगळं त्या तीन बोटांत होतं. आणि तांबडी विण्याच्या आधीचे चार महिने आमच्या घरावर स्लॅब पडत होता. सळया बांधायच्या तारेचे तुकडे अंगणभर, आणि वैरणीची कुट्टी त्याच अंगणात.

दिवाळीला घरी गेले. आबांना सांगितलं. शब्दांनी नाही, त्यांचा हात धरून मुठीवर दाखवलं, हे जाळीपोट, हे काळीज, मध्ये एवढंच. म्हणाले, "म्हंजी वाढ्यानं न्हाई?" मी म्हणाले, "आबा, तिला उघडलं नाही, त्यामुळं खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण लक्षणं सगळी तारेचीच होती. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते वेगळं. त्यानं पोळीत पाणी नाही उतरत." आबा उठून गेले. बोलले काहीच नाही.

आता इथं एक सांगते, कारण मी स्वतः आज गावोगाव जाते आणि मेलेल्या जनावराचं पोस्टमॉर्टेम करू द्या म्हणून विनवते. विमा असेल तर लोक तयार होतात, दाखला लागतो ना. विमा नसेल तर तेच वाक्य, मेल्यावर तरी फाडू नका. मी वाद घालत नाही. आबांचं सांगते. कधी ऐकतात, कधी नाही. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समध्ये लिऑनला १७६२ मध्ये भरायला लागली, तिच्यामागंही गुरांची साथच होती, आपल्या आज्या जिला बुळकांडी म्हणायच्या तीच. २०११ मध्ये ती जगातून संपली असं जाहीर झालं. हे सगळं मी गोठ्यात सांगत नाही अर्थात. तिथं मी फक्त तीन बोटं दाखवते.

तर त्या माळकरी घरच्या मुलीला: घरी लगेच सांग. पहिल्याच दिवशी. आपल्याला वाटतं तो प्रश्न ते विचारत नाहीत, दुसराच विचारतात.

पुढच्या सुट्टीत मी घरी आले तर कुट्टी मशीनच्या तोंडाला काहीतरी काळं बांधलेलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, सुतळीनं. आबांनी स्वतः बसवलेलं. मला बोलवून दाखवलं. त्याला तारेचे सहा-सात तुकडे, दोन स्क्रू आणि आईच्या साडीची एक पिन चिकटलेली. मी काढायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शेजारच्या आण्णाला दाखवायचंय."

चला, थांबते. कुट्टी मशीनला चुंबक कसं बसवायचं ते विचारलंत तर फोटो टाकते. पुढच्या भागात इंटर्नशिपबद्दल बोलू.